आठवणीचा फोटो : कागदावर घ्यावा की फोनमध्ये?

गेटवे ऑफ इंडियासमोर गळ्यात कॅमेरा आणि खांद्याला पिशवी अडकवलेले फोटोवाले अजूनही उभे असतात. पिशवीत छोटा प्रिंटर असतो. मागे ताजचा घुमट येईल असं उभं राहायचं, फोटो निघतो आणि थोड्याच वेळात कोरडा, चकचकीत कागद हातात पडतो. गिऱ्हाईक तो कागद उलटसुलट करून बघतं आणि विचारतं, “सॉफ्ट कॉपी देता का? मग प्रिंट नको.” रोपवेच्या तळाशी, वॉटर पार्कच्या काउंटरवर, थीम पार्कमधल्या राइडवरून उतरल्यावर हाच संवाद चालतो. प्रिंटचे पैसे वेगळे, फाइलचे वेगळे आणि दोन्ही घेतलं तर तिसराच भाव. मागे रांग असते, पोरं भुकेने कावलेली असतात, त्यामुळे निर्णय होतो तो ऐकीव समजुतींवर. त्यातल्या बऱ्याचशा चुकीच्या आहेत. प्रिंटवाल्यांच्याही आणि मोबाइलवाल्यांच्याही.

सर्वांत पसरलेली समजूत अशी, की जागेवर काढून दिलेली प्रिंट चार महिन्यांत उडते. ती कुठून आली असेल याचा अंदाज बांधता येतो. एटीएमची पावती पाकिटात ठेवली की काही दिवसांत कोरी होते. तीही छोट्या यंत्रातून उष्णतेने छापलेली आणि हीसुद्धा. पण दोन्हींचं काम अगदी वेगळं चालतं. पावतीच्या कागदावर आधीच रसायनाचा लेप असतो, तो उष्णतेने काळा पडतो आणि पुढे ऊन, तेल, प्लॅस्टिक यांनी पुन्हा फिका होतो. फोटोच्या प्रिंटरमध्ये मात्र रंगांची रिबन असते. पिवळा, किरमिजी आणि निळसर असे तीन रंग एकामागून एक उष्णतेने कागदाच्या लेपात शिरतात. म्हणून तो कागद तीनदा आतबाहेर होताना दिसतो. चौथ्या फेरीत वर पारदर्शक थर चढतो. या थरामुळे घामाचा हात लागला किंवा पाण्याचे चार थेंब पडले तरी रंग पसरत नाही. अल्बममध्ये ठेवल्यास अशी प्रिंट शंभर वर्षांपर्यंत टिकेल असा दावा काही कंपन्या करतात. हा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवरून काढलेला अंदाज असतो, शंभर वर्षं कोणी वाट पाहिलेली नाही. त्यातली अर्धी वर्षं वजा केली तरी माणसाला पुरे आहेत. ही अट अल्बमची आहे, हे मात्र विसरू नये. पश्चिमेच्या खिडकीसमोर भिंतीवर लावलेल्या रंगीत प्रिंटला कुठलंच तंत्र वाचवत नाही.

जाता जाता याच यंत्राबद्दल एक सूचना. वापरलेल्या रिबनवर प्रत्येक फोटोची उलटी छाया शिल्लक राहते. घरी असा प्रिंटर असेल आणि त्यावर ओळखपत्रं किंवा खासगी फोटो छापले असतील, तर रिबन कचऱ्यात टाकण्यापूर्वी कातरून टाका.

पोलरॉइडचा झटपट फोटो हलवल्याने लवकर उमटतो, ही आणखी एक गोड समजूत. तिचा उल्लेख असलेलं एक गाणं २००४ मध्ये इतकं गाजलं, की फोटो हलवू नका असं कंपनीलाच सांगावं लागलं. जुन्या, सोलून काढायच्या फिल्मचा पृष्ठभाग ओला असायचा, तेव्हा वारा घालण्यात अर्थ होता. नंतरच्या फिल्ममध्ये चित्र प्लॅस्टिकच्या आड बंद असतं, तिथे हवा पोचतच नाही. उलट हलवण्याने आतले थर सुटू शकतात.

आता कागदाच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे वळू. “आजोबांचा फोटो ऐंशी वर्षं टिकला, तुमचा मोबाइल टिकेल का?” हा त्यांचा हुकमी एक्का. आजोबांचा फोटो टिकला हे खरं. पण तो कृष्णधवल होता. त्यातली काळी छटा म्हणजे कागदावरच्या जिलेटिनमध्ये बसलेले चांदीचे बारीक कण, आणि स्टुडिओवाल्याने फोटो नीट धुतला असेल तर ते दीर्घकाळ राहतात. त्याच घरातला १९७० च्या दशकातला रंगीत फोटो काढून बघा. लग्नातली हिरवी साडी तपकिरी झालेली, आकाश गुलाबी आणि सगळ्यांचे चेहरे तांबूस. त्या काळच्या रंगीत कागदातला निळसर रंग कच्चा होता. तो अंधारात, बंद अल्बममध्येही विरत गेला आणि मागे लाल तेवढा उरला. म्हणजे “कपाटात ठेवलंय, काही होत नाही” हेही खरं नव्हे. पुढे कागद पुष्कळ सुधारला. आज लॅबमध्ये निघणारी प्रिंट त्या पिढीच्या प्रिंटपेक्षा कितीतरी टिकाऊ असते. घरच्या इंकजेटवर साध्या शाईने काढलेली प्रिंट मात्र या पंगतीत बसत नाही. तिला पाणी, ऊन आणि हवेतला ओझोन हे तिन्ही बाधतात.

कागदाचा फोटो बहुतेक वेळा काळाने मरतच नाही, आपण त्याला मारतो. चिकट पानांचे आणि वरून प्लॅस्टिकची चादर ओढायचे ते अल्बम आठवत असतील. एके काळी लग्नात भेट म्हणून हमखास यायचे. त्या पानांचा गोंद पिवळा पडतो आणि फोटोला असा धरतो, की ओढला तर फोटोच फाटतो. अशा फोटोखालून दात साफ करायचा बिनचवीचा फ्लॉस हलक्या हाताने करवतीसारखा सरकवत न्यावा आणि तेही जमत नसेल तर पानासकट स्कॅन करावं. पीव्हीसीचे खिसे असलेले अल्बमही टाळावेत. नव्या प्लॅस्टिकचा उग्र वास येत असेल तर ती खूण समजा. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे खिसे निर्धोक असतात.

लॅमिनेशनबद्दल तर आपल्याकडे श्रद्धाच आहे. रेशन कार्डापासून आजीच्या फोटोपर्यंत सगळं प्लॅस्टिकमध्ये घातलं की गंगेत घोडं न्हालं. पण गरम लॅमिनेशन परत काढता येत नाही, चिकटवण्याचं द्रव्य कायमचं फोटोला लागतं आणि कडेचा एक कोपरा सुटला की दमट हवा आत शिरून तिथेच अडकते. नवी प्रत काढून ती खुशाल लॅमिनेट करा, फिरत्या हातांसाठी ते चांगलंच आहे. एकुलत्या एका मूळ फोटोला मात्र हात लावू देऊ नका.

काचेच्या फ्रेमचंही तसंच. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात जिलेटिन ओलावा धरून मऊ होतं आणि फोटो थेट काचेला टेकलेला असेल तर चिकटून बसतो. फ्रेमवाल्याला सांगून मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे माउंट घालून घ्यावा, की काच आणि फोटो यांत अंतर राहतं. चिकटलेला फोटो ओढू नये, काचेसकट स्कॅन करावा. कसर लागते तीही या जिलेटिनसाठीच, म्हणून बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट आणि माळा या दोन्ही जागा फोटोंना वाईट.

पण ओला झाला म्हणजे फोटो गेला, हाही गैरसमजच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या घरांत कित्येक दिवस पाणी होतं. अशा वेळी अल्बम सरळ कचऱ्यात जातात. वास्तविक लॅबमध्ये निघालेली प्रिंट जन्मतःच पाण्यातून गेलेली असते. ती सुकून शेजारच्या प्रिंटला चिकटण्याआधी सुटी करावी, स्वच्छ गार पाण्यात हलकेच खंगाळावी, चित्राची बाजू वर करून सावलीत पसरावी. चित्राला बोट किंवा फडका लावू नये. एवढ्यावर बरेच फोटो वाचतात. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर स्वयंसेवकांनी चिखलातून गोळा केलेले असंख्य फोटो धुऊन लोकांना परत केले होते. इंकजेटच्या प्रिंटला मात्र हा उपाय लागू नाही, तिचा रंग पाण्यात उतरतो.

मग डिजिटलच बरं? तिथली मोठी समजूत अशी, की फाइल म्हातारी होत नाही. रंग उडत नाही हे बरोबर आहे. फाइल विरत नाही, ती एक दिवस सापडत नाही. ऑर्कुट ही सोशल साइट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाली. फोटो काढून घ्यायला पुढे दोन वर्षं मुदत होती, पण किती जणांनी काढले? मायस्पेस या तशाच साइटने २०१९ मध्ये सांगून टाकलं, की लोकांनी पूर्वी चढवलेली गाणी, फोटो, व्हिडिओ सर्व्हर हलवताना गेले. गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद झाली आणि आता १५ जीबीमध्ये मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं आलं. दोन वर्षं वापर नसलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, हा नियम २०२३ पासून आहे. घरातलं माणूस गेलं, त्याचा फोन कपाटात पडला आणि खातं कोणी उघडलं नाही, तर काय होईल याचा विचार करून ठेवावा. लग्नाच्या सीडीवर विसंबलेल्यांनीही ती एकदा चालवून बघावी. घरी लिहिलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो खराब होतो. आणि सीडी चांगली निघाली तरी ती घालायला लॅपटॉपला आता फटच नसते.

सिंक म्हणजे बॅकअप, ही याहून घातक समजूत. फोन भरला म्हणून गूगल फोटोजमधून फोटो पुसला, तर तो क्लाउडमधूनही जातो. कचरापेटीत तो साठ दिवस असतो, आयफोनच्या आयक्लाउडमध्ये तीस. पुढे कोणी काही करू शकत नाही. फोनमधली जागा मोकळी करण्यासाठी वेगळी सोय त्याच ॲपमध्ये आहे, ती वापरावी.

सहलीच्या ठिकाणी मिळणारी “सॉफ्ट कॉपी” नेमकी काय असते, हे विचारायला आपण लाजतो. ती बहुधा व्हॉट्सॲपवर येते किंवा क्यूआर कोडच्या लिंकवर. व्हॉट्सॲपच्या नेहमीच्या पद्धतीत फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत खाली येते. “व्हॉट्सॲपच्या फोटोची प्रिंट निघत नाही” असं जे म्हणतात ते यावरून. पण ते अर्धंच खरं आहे. चार बाय सहा इंची प्रिंटला इंचाला तीनशे पिक्सेल उत्तम म्हणतात, म्हणजे १८०० बाय १२००. सोळाशेमध्ये इंचाला सुमारे २६७ मिळतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. तोच फोटो बारा बाय अठरा केला की इंचाला ८९ उरतात आणि नाकडोळे विरघळतात. म्हणून फोटोवाल्याला सांगावं, “डॉक्युमेंट म्हणून पाठवा.” त्याने मूळ फाइल जशीच्या तशी येते. २०२३ पासून आलेला एचडीचा पर्यायही नेहमीच्या पद्धतीपेक्षा बरा. लिंक मिळाली असेल तर ती किती दिवस चालेल हे तिथेच विचारावं आणि घरी पोचण्याची वाट न बघता फोटो उतरवून घ्यावा. त्यातही एक भ्रम आहे, की कॉपी करून करून फोटोचा दर्जा घसरतो. नुसती कॉपी कितीही वेळा करा, अक्षरशः तीच फाइल राहते. झीज होते ती जेपीईजी फाइल पुन्हापुन्हा एडिट करून सेव्ह केल्याने किंवा ॲपने ती दाबून लहान केल्याने.

प्रिंट हातात आल्यावर लॅबवाल्याशी होणाऱ्या भांडणांची कारणंही बहुधा लॅबच्या बाहेर असतात. फोनचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो, कागद नुसता परतवतो. त्यामुळे पूर्ण उजेडावर पाहिलेला फोटो कागदावर काळवंडलेला वाटणारच. निवड करताना पडद्याचा उजेड निम्म्यावर आणावा. डोकं कापलं जातं ते यासाठी, की फोनचा फोटो चारास तीन प्रमाणात असतो आणि चार बाय सहाचा कागद तिनास दोन. सुमारे एक नवमांश भाग कुठून तरी जाणारच. कुठून जावा हे आधीच आपण ठरवलेलं बरं.

आणि मालकी? “माझा चेहरा, म्हणजे फोटो माझा” हे कायद्याला मान्य नाही. “ज्याचा कॅमेरा त्याचा फोटो” हेही सरसकट खरं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं, की मोबदला देऊन आणि सांगून काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा. म्हणजे गेटवेवर तुम्ही सांगून, पैसे देऊन काढून घेतलेला फोटो तुमचा. राइडच्या उतारावर कॅमेऱ्याने आपणहून टिपलेला फोटो मात्र तुम्ही काढायला सांगितलेला नसतो. तिथे तुम्ही एक प्रत विकत घेता, एवढंच.

तर काउंटरवर एकच घेणं परवडत असेल तर मूळ फाइल घ्यावी, असं माझं मत आहे. फाइलवरून प्रिंट कधीही निघते. प्रिंटवरून फाइल करता येते, पण चार बाय सहाच्या प्रिंटमधून ६०० डीपीआयपेक्षा बारीक स्कॅन करून काही वाढीव मिळत नाही, कारण कागदावर मुळातच तेवढं नसतं. फक्त प्रिंटच मिळत असेल तर तीही सोडू नये. फाइल एका जागी ठेवून मात्र निश्चिंत होऊ नका. एक प्रत फोनमध्ये, दुसरी घरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा भावाबहिणीच्या घरी हवी. आणि सहलीच्या चारशे फोटोंतले दहा निवडून लॅबमध्ये द्या. कारण पुढच्या पिढीला पासवर्ड मिळेलच असं नाही, कपाट मिळेल.

त्या दहांच्या मागे कडेला, न पुसणाऱ्या बारीक पेनाने कोण, कुठे, कधी एवढं लिहा. बॉलपेन दाबून लिहू नका, पुढे वळ उठतो. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोत तारीख आणि ठिकाण यांची आतली नोंदही गळून पडलेली असते, त्यामुळे हे काम फाइल तुमच्यासाठी करणार नाही.