माझा भूखंड कुठला?

नाशिक महापालिकेच्या मुख्यालयाच्या, म्हणजे राजीव गांधी भवनाच्या, जिन्यावर आज चिखलाचे ठसे आहेत. मखमलाबाद आणि हनुमानवाडीची माणसं सकाळीच आली आहेत. कुणी थेट बागेतून आलंय, कुणी दूध घालून. खालच्या सभागृहात महासभा भरली आहे आणि आम्ही वरच्या गॅलरीत दाटीवाटीने बसलो आहोत. 2016 साली स्मार्ट सिटी अभियानात नाशिकची निवड झाली, त्याला आता तीन वर्षं झाली. त्या अभियानाच्या आराखड्यातला हरित क्षेत्र विकासाचा विषय आता सभेपुढे आहे. मखमलाबाद-हनुमानवाडीच्या सुमारे साडेसातशे एकरांवर नगररचना परियोजना राबवायची, आणि तसा इरादा महापालिकेने जाहीर करायचा.

नगरसचिव विषय वाचतात आणि अधिकारी उभे राहून समजावू लागतात. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, उद्यानं, शाळा, जलवाहिन्या यांची जागा काढायची आणि उरलेली जमीन मूळ मालकांना आखीव भूखंडांच्या रूपात परत द्यायची. हाती परत येणारी जमीन साधारण अर्धी असेल. मात्र तिला रस्ता असेल, पाणी असेल, आणि आज जिथे शेती विभाग आहे तिथे उद्या घरं बांधता येतील. क्षेत्र घटलं तरी किंमत वाढेल, असा या मांडणीचा गाभा आहे.

माझ्या शेजारी धोतर नेसलेले एक आजोबा बसलेत. त्यांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा आहे. अधिकारी टक्केवारी सांगतात, तसा त्यांचा नातू मोबाइलवर हिशेब करून त्यांच्या कानाशी लागतो. आजोबा सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, "आपली विहीर कुणाकडं जाईल रे?"

नातवाकडे उत्तर नाही. खाली सभागृहातही अजून कुणी ते दिलेलं नाही.

योजना मुळात वाईट आहे, असं मला वाटत नाही. मुंबई इलाख्यात 1915 च्या नगररचना कायद्यापासून ही पद्धत आहे. गंगापूर रोडच्या परिसरातल्या जुन्या दस्तांत 'टी. पी. स्कीम' (म्हणजे नगररचना परियोजना) आणि 'अंतिम भूखंड क्रमांक' हे शब्द आजही सापडतात. तिथले सरळ रस्ते अशाच अदलाबदलीतून निघाले. भूसंपादनात माणूस मोबदला घेऊन गावाबाहेर पडतो. इथे तो मालक म्हणून त्याच परिसरात राहू शकतो. पुण्यातल्या मगरपट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी स्वतःच जमिनी एकत्र केल्या, कंपनी काढली आणि सुमारे 400 एकरांवर नगर उभं केलं. तिथे नकाशाच्या टेबलाभोवती मालक स्वतः बसले होते. इथे मालक गॅलरीत आहेत, आणि गॅलरीतल्या माणसाला सभेत बोलता येत नाही.

एक सदस्य उठतात. "महापौर महोदय, शेतकऱ्यांची संमती घेतली का?"

"बैठका घेतल्या आहेत," प्रशासनाकडून उत्तर येतं.

"बैठक म्हणजे संमती नाही!" आमच्या मागून आवाज उठतो. पीठासनावरून शांततेची सूचना येते. सुरक्षारक्षक दोन पावलं पुढे सरकतो आणि तिथेच थांबतो.

आता चर्चा कायद्यावर येते. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार इरादा जाहीर झाला, की 9 महिन्यांत मसुदा करायचा असतो. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी 30 दिवस मिळतात. पुढे लवाद एकेका भूखंडाचा निवाडा करतो. शिवाय जमिनीची जी मूल्यवृद्धी धरली जाईल, तिच्या निम्म्यापर्यंत वर्गणी मालकाकडून घेता येते. हे वाक्य आलं, तशी गॅलरीत चुळबुळ सुरू होते. जमीनही द्यायची आणि वर पैसेही भरायचे, हे इथे अनेकांच्या कानावर पहिल्यांदाच पडतंय. आणखी एक गोष्ट अधिकारी ओझरती सांगून जातात: इरादा प्रसिद्ध झाला, की योजनेतल्या जमिनीवर परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. म्हणजे आजच्या ठरावाचा परिणाम थेट उद्याच्या कामांवर होणार आहे.

"साहेब, द्राक्षाची गोडी छाटणी तोंडावर आलीय," पुढच्या रांगेतला एक मधल्या वयाचा माणूस मला सांगतो. मी साहेब नाही, पण माझ्या हातात वही आहे. "जुनी बाग काढून नवीन लावायची होती. मांडव, तार, रोपं... पहिलं पीक यायलाच दीड-दोन वर्षं जातात. मग बाग बारा-पंधरा वर्षं चालते. सांगा, लावू का नको?"

त्याचा सगळा पेच या एका प्रश्नात आहे. सभागृहात दीड तास टक्क्यांवर वाद चाललाय: अर्धी की थोडी जास्त, चटईक्षेत्र किती, विकास हक्क किती. बागायतदाराला टक्के कळतात. उतारे, वाटण्या आणि बांधाचे तंटे यांत त्याचा जन्म गेला आहे. त्याला आपला नवा भूखंड नकाशावर पाहायचा आहे. पाटाचं पाणी ज्या शेताला मिळतं त्याच्या बदल्यात कोपऱ्यातला, नाल्याकाठचा तुकडा आला, तर क्षेत्र बरोबर जुळूनही तो बुडालेला असेल. रस्ता दहा वर्षांनी आला, तर मधल्या दहा वर्षांत त्याच्याकडे शेतही नाही आणि शहरही नाही. अदलाबदलीत एका हाताने देताना दुसऱ्या हातात काय पडतंय ते दिसायला हवं. इथे देणं आजपासून बांधून घेतलं जाणार आणि घेणं पुढच्या मसुद्यावर सोडलं जाणार.

तो माणूस माझ्याकडून वहीचं पान मागून घेतो. गुडघ्यावर ठेवून लिहितो, शेजारच्या दोघांना दाखवतो. आजोबा विहिरीचं आठवणीने घालायला लावतात. चिठ्ठी जिन्याने खाली जाते आणि मखमलाबादकडच्या एका सदस्यांच्या हातात पडते. ते ती वाचतात, हात वर करतात. बराच वेळ त्यांना संधी मिळत नाही. मग माइकचा लाल दिवा लागतो.

"महापौर महोदय, गॅलरीतून आलेले प्रश्न वाचतो. एक, माझा भूखंड कुठला? दोन, माझ्या रस्त्याचं काम कोणत्या तारखेपर्यंत होणार? तीन, विहीर, बाग आणि झाडं यांचं मोल कोण ठरवणार? चार, तोपर्यंत नवीन बाग लावू का?" ते थांबतात. "उत्तरं आज नसतील तर हे प्रश्न इतिवृत्तात घ्या. आणि प्रत्येक गटधारकाला नकाशा दाखवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका."

कुणीतरी बाक वाजवतं. समोरच्या बाजूचा एक सदस्यही मान डोलावतो. नगरसचिवांची लेखणी चालू आहे. पक्ष कोणताही असो, सभेने आज हे चार प्रश्न ठरावाच्या अटी म्हणून लिहून घ्यायला हवेत. शहराला रस्ते हवेत आणि मखमलाबादच्या माणसालाही ते हवे आहेत. त्याची अट एवढीच आहे, की अर्धी जमीन सोडण्याआधी उरलेल्या अर्धीचा क्रमांक त्याच्या हातात असावा. ही अट पाळण्याइतका वेळ महापालिकेकडे नक्कीच आहे.