सनद आहे, गाव कुठे?

पणजीहून जुन्या गोव्याकडे जाताना मांडवीच्या काठाने रायबंदर लागते. तिथल्या सेंट मेरी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वेर्णे गावच्या एका पाद्रीच्या अस्थी जतन केल्या आहेत. त्यांचे नाव आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस. १८३६ साली ते कॅथलिक घरात जन्मले, कॅथलिक पाद्री झाले, आणि १९२३ साली केरळातल्या ऑर्थोडॉक्स परंपरेचे बिशप म्हणून वारले. गोव्याबाहेर त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. पण अमेरिकेत, युरोपात आणि आफ्रिकेत आजवर जे अनेक ‘स्वतंत्र’ बिशप होऊन गेले, त्यांतले कितीतरी आपली गुरुपरंपरा सांगत सांगत या गोमंतकीय माणसापर्यंत येऊन पोहोचतात.

स्वतंत्र बिशप म्हणजे काय, हे कळायला बिशपपद कसे मिळते ते आधी पाहावे लागेल. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि अँग्लिकन या तिन्ही परंपरा मानतात की येशूच्या प्रेषितांनी आपल्या उत्तराधिकाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून अधिकार दिला, त्यांनी पुढच्यांना दिला, आणि ही साखळी आजपर्यंत अखंड चालत आली. इ.स. ३२५च्या नायसिया परिषदेने नियम घातला की नव्या बिशपाला दीक्षा देताना किमान तीन बिशप हवेत. आपल्याकडच्या संप्रदायांत गुरुपरंपरेला जे महत्त्व, तेच इथे या हस्तार्पणाला.

आता प्रश्न असा, की एखादा बिशप आपल्या चर्चशी भांडून बाहेर पडला आणि बाहेर राहून त्याने दुसऱ्याला दीक्षा दिली, तर ती खरी मानायची की खोटी? यावर ख्रिस्ती जगात दोन जुनी उत्तरे आहेत. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणाले, चर्चच्या बाहेर संस्कारच नाही. पुढे संत ऑगस्टीन यांनी वेगळी भूमिका घेतली. संस्कार हा ख्रिस्ताचा, देणाऱ्या माणसाचा नव्हे. म्हणून फुटून गेलेल्यानेही विधी नीट केला तर तो लागू होतो. फक्त तो बेकायदा ठरतो. ऑर्थोडॉक्स चर्च साधारणपणे सिप्रियनच्या बाजूला झुकते, रोम ऑगस्टीनच्या. ‘लागू पण बेकायदा’ या फटीतूनच स्वतंत्र बिशपांची सगळी रांग बाहेर पडली. लॅटिनमध्ये त्यांना ‘एपिस्कोपी वॅगांटेस’ म्हणतात, म्हणजे भटके बिशप. दीक्षा आहे, पण धर्मप्रांत नाही.

आल्वारिस या वाटेला लागले ते मात्र हौसेने नव्हे. पूर्वेकडच्या चर्चवर पोर्तुगालच्या राजाचा जुना हक्क होता, त्याला पाद्रोआदो म्हणत. रोमने १६२२ साली ‘प्रोपागांडा’ हे स्वतःचे धर्मप्रसार खाते काढले आणि दोघांची हद्दीवरून भांडणे सुरू झाली. मुंबईत तर एकाच शहरात दोन अधिकार नांदत होते. पाद्रोआदोच्या चर्चमध्ये बहुधा गोमंतकीय पाद्री असत, प्रोपागांडाकडे युरोपीय मिशनरी. १८८६ साली पोप आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि सिलोनमधली पाद्रोआदोची चर्च प्रोपागांडाकडे गेली. पिढ्यान्‌पिढ्या गोव्याच्या पाद्रींवर विसंबलेली तिथली कुटुंबे बिथरली. गोमंतकीय डॉक्टर पेद्रो मानुएल लिस्बोआ पिंतो यांनी त्यांची संघटना बांधली. अर्ज झाले, विनवण्या झाल्या, निर्णय बदलला नाही.

आल्वारिस त्याआधीच गोव्याच्या आर्चबिशपांच्या डोळ्यांत खुपू लागले होते. ते वृत्तपत्रे चालवत आणि चर्च व सरकार या दोघांवरही लिहीत. रोमच्या बाहेर, पण प्रेषितांच्या साखळीतला बिशप कुठे मिळेल, हा शोध त्यांना कोट्टयमला घेऊन गेला. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांचे बिशप अँटिऑकच्या पेट्रिआर्कशी जोडलेले होते. २८ जुलै १८८९ रोजी तिथे पौलोस मार अथनासियोस आणि इतर बिशपांनी त्यांना दीक्षा दिली. ते आल्वारिस मार ज्युलियस झाले. लॅटिन पद्धतीची उपासना चालू ठेवण्याची मुभा त्यांना मिळाली. म्हणजे पूजाविधी जुनाच राहिला, अधिकाराचा उगम तेवढा बदलला.

त्यानंतर तीनच वर्षांत या घटनेला अनपेक्षित फाटा फुटला. जोसेफ रेने व्हिलात हा पॅरिसमध्ये जन्मलेला पाद्री अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बेल्जियन शेतकऱ्यांत काम करत होता. रोम सोडलेल्या या लोकांना तिथल्या अँग्लिकन, म्हणजे एपिस्कोपल चर्चच्या बिशपांनी आधार दिला होता. व्हिलातला स्वतः बिशप व्हायचे होते. एपिस्कोपल चर्चशी त्याचे बिनसले. पोपच्या निरपवाद अधिकाराला नकार देणाऱ्या युरोपातल्या ‘ओल्ड कॅथलिक’ बिशपांनीही त्याला दीक्षा नाकारली. अखेर तो कोलंबोला पोहोचला आणि २९ मे १८९२ रोजी आल्वारिस व त्यांच्या दोन सहकारी बिशपांनी त्याला दीक्षा दिली.

सिलोनच्या लोकांचे गाऱ्हाणे मिटवायला जी सनद मिळवली होती, ती आता विस्कॉन्सिनला गेली. व्हिलातने ती हात राखून वापरली नाही. इटली, इंग्लंड, अमेरिका, जिथे कुणी चर्चवर रुसलेला भेटला, तिथे तो दीक्षा देत गेला. ज्या बेल्जियन शेतकऱ्यांसाठी बिशपपद मागितले होते, ते केव्हाच मागे पडले. १९२५ साली तो रोमला शरण गेला आणि १९२९ साली व्हर्सायजवळच्या एका मठात वारला. तोवर त्याच्या शिष्यांचे शिष्य तयार झाले होते.

इंग्लंडमध्ये याला वेगळी हवा मिळाली. १८९६ साली पोप तेराव्या लिओने अँग्लिकन पाद्रींची दीक्षा पूर्णपणे निरर्थक असल्याचे जाहीर केले. रोमच्या नजरेतही खरे ठरेल असे हस्तार्पण हवे, अशी ओढ त्यामुळे काही अँग्लिकनांना लागली. १९०८ साली आर्नल्ड हॅरिस मॅथ्यू यांना हॉलंडच्या ओल्ड कॅथलिकांनी दीक्षा दिली. इंग्लंडात अनुयायी वाट पाहत आहेत, असे त्यांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ते अनुयायी जवळजवळ नव्हतेच. दोन वर्षांत मॅथ्यू हॉलंडशी नाते तोडून मोकळे झाले, पण त्यांची दीक्षापरंपरा थांबली नाही. थिऑसॉफिस्टांच्या लिबरल कॅथलिक चर्चचा धागा त्यांच्यापर्यंतच जातो. ॲनी बेझंट यांचे सहकारी लेडबीटर हे १९१६ साली सिडनीत याच परंपरेत बिशप झाले.

पुढे हा प्रकार हास्यास्पद टोकाला गेला. एक साखळी कुणी नाकारली तर दुसरी हाताशी असावी, म्हणून बिशप एकमेकांना पुन्हा पुन्हा दीक्षा देऊ लागले. १९४४ साली बिशप झालेले इंग्लंडचे ह्यू जॉर्ज डी विल्मॉट न्यूमन ऊर्फ मार जॉर्जियस यांनी अशा कितीतरी परंपरा स्वतःत गोळा केल्या. पदव्या लांबत गेल्या, माणसे मात्र एखाद्या दिवाणखान्यात मावतील एवढीच. जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने १९२० साली मॅथ्यूंच्या चर्चला मान्यता नाकारली आणि १९५८ साली भटक्या बिशपांविषयी पुन्हा सावध केले. अँटिऑकच्या पेट्रिआर्कनेही १९३८ साली व्हिलातच्या परंपरेशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले.

इथवर वाचून वाटेल की ही सगळी पदांच्या हव्यासाची गोष्ट आहे. पण त्याच साखळीची आणखी एक कडी पाहू. जॉर्ज अलेक्झांडर मॅकग्वायर हे कॅरिबियनमधल्या अँटिग्वाचे कृष्णवर्णीय गृहस्थ, अमेरिकेत एपिस्कोपल पाद्री होते. त्या चर्चमध्ये काळ्या पाद्रीला फार तर दुय्यम बिशप होता येई. मार्कस गार्वी यांच्या चळवळीतून त्यांनी आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्च स्थापन केले आणि २८ सप्टेंबर १९२१ रोजी शिकागोत व्हिलातकडून बिशपपद घेतले. गोऱ्यांच्या परवानगीवाचून, पण त्यांनाही सहज झटकता येणार नाही अशी सनद त्यांना हवी होती. १९२७ साली मॅकग्वायरनी दक्षिण आफ्रिकेच्या डॅनियल विल्यम अलेक्झांडर यांना दीक्षा दिली. अलेक्झांडर युगांडाला गेले आणि १९३२ साली त्यांनी रूबेन स्पार्टस या माजी अँग्लिकनाला पाद्री केले. पुढे केनियात, मिशनऱ्यांपासून वेगळ्या झालेल्या किकुयू लोकांसाठीही त्यांनी पाद्री घडवले. वेर्णे, कोट्टयम, कोलंबो, शिकागो, कंपाला: चाळीस-पंचेचाळीस वर्षांतला हा प्रवास.

स्पार्टस तिथेच थांबले नाहीत. आपल्या साखळीला जुन्या ऑर्थोडॉक्स जगात मान नाही, हे कळल्यावर त्यांनी अलेक्झांड्रियाच्या ग्रीक पेट्रिआर्कशी पत्रव्यवहार केला आणि १९४६ साली युगांडाच्या या लोकांना तिथे रीतसर स्वीकारण्यात आले. जुनी सनद बाजूला पडली. तिच्या आधाराने जमलेली माणसे मात्र टिकली, आणि आज युगांडा-केनियात ऑर्थोडॉक्स समाज मोठा आहे.

आपल्याकडे वतनाच्या कज्ज्यांत सनद दाखवावी लागे, पण पंचांनी गावाला विचारल्याखेरीज निवाडा होत नसे. बिशपपदाचेही तसेच आहे. साखळी खरी की खोटी याचा वाद विद्वान घालत राहतील. ती कुणासाठी मागितली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. मॅथ्यूंकडे निर्विवाद हस्तार्पण होते, माणसे नव्हती. मॅकग्वायर आणि स्पार्टस यांच्याकडे वादग्रस्त हस्तार्पण होते, पण कुणी दारात उभे न केलेला समाज मागे होता.

आल्वारिस यांचेही माप याच पट्टीने घ्यावे. सिलोनमधली त्यांची चळवळ ओसरली आणि बहुतेक कुटुंबे रोमकडे परतली. गोव्यात पोर्तुगीज सरकारने त्यांना अटक केली, बिशपाची वस्त्रे उतरवायला लावली. नंतरची वर्षे त्यांनी कॉलऱ्यावरची पुस्तिका लिहिण्यात, गरिबांच्या पोटासाठी टॅपिओकाच्या लागवडीचा प्रचार करण्यात आणि रुग्णसेवेत घालवली. शेवटी रायबंदरलाच हगवणीने त्यांचा अंत झाला. पण उडुपीजवळ ब्रह्मावर येथे त्यांनी आणि त्यांचे सहकारी पाद्री नोरोन्हा यांनी उभा केलेला कोंकणीभाषक ऑर्थोडॉक्स समाज आजही आहे. जगभरच्या भटक्या बिशपांच्या वंशावळींत आल्वारिस हे केवळ एक नाव आहे, वरच्या कडीला जोडणारी एक कडी. ब्रह्मावरच्या लोकांना मात्र ते आपले बिशप म्हणून आठवतात.