ओठांतली साखरेची साखळी

साधारण 70 किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे 15 ग्रॅम हायल्युरोनिक ॲसिड असतं. त्यातलं जवळजवळ निम्मं त्वचेत, उरलेलं सांध्यांच्या वंगणात, डोळ्याच्या भिंगामागच्या पारदर्शक गरात, पेशी-पेशींमधल्या ओलाव्यात. शरीर यातलं एक तृतीयांश, म्हणजे जवळपास 5 ग्रॅम, रोज मोडून काढतं आणि तेवढंच नवं घडवतं. रक्तात शिरलेला या पदार्थाचा रेणू काही मिनिटंच टिकतो, त्वचेतला एखाद-दुसरा दिवस.

ओठ भरीव दिसावेत म्हणून जे फिलर टोचतात, तेही बहुतेक वेळा याच पदार्थाचं असतं. एका मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ते साधारण 15 ते 24 मिलिग्रॅम भरलेलं असतं. हिशेब करून पाहिला तर थक्क व्हायला होतं. शरीर एका दिवसात जेवढं हायल्युरोनिक ॲसिड मोडतं, तेवढ्यात अशा दोनशेहून जास्त सिरिंजा भरतील. तरीही ओठातली ती एक सिरिंज सहा महिने, कधी वर्षभरसुद्धा टिकते.

‘माझं फिलर इतक्या लवकर का गेलं?’ असं पेशंट डॉक्टरांना नेहमी विचारतात. मला मात्र ते इतके महिने राहतं कसं, याचंच नवल जास्त वाटतं. आणि ते टिकवण्याचे जे उपाय खरोखर चालतात, तेही याच नवलाच्या उलगड्यात सापडतात.

1934 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला, तो गाईच्या डोळ्यांतून. त्याची रचना इतकी साधी आहे की विश्वास बसू नये. दोनच प्रकारचे साखरेचे रेणू एकाआड एक जोडलेले, आणि ही जोडी हजारो वेळा, पुन्हा पुन्हा तशीच. या लांबलचक साखळीभोवती पाणी अडकून राहतं, म्हणून अगदी थोड्या पदार्थाचाही दाट, बुळबुळीत गर होतो. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ एंद्रे बालाश यांनी 1942 साली बेकरीत अंड्याच्या पांढऱ्याऐवजी तो वापरता येईल म्हणून पेटंटसाठी अर्ज केला होता. पुढे त्यांनीच कोंबड्याच्या तुऱ्यातून तो अतिशय शुद्ध स्वरूपात मिळवला, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याचे नाजूक भाग सांभाळण्यासाठी तो जगभर वापरला जाऊ लागला. शार-पे जातीच्या कुत्र्यांच्या अंगावर ज्या जाड घड्या दिसतात, त्याही त्वचेत हाच पदार्थ गरजेपेक्षा जास्त तयार होत असल्यामुळे.

पण सगळ्यांत विलक्षण गोष्ट एका जिवाणूची आहे. स्ट्रेप्टोकोकस कुळातले काही जिवाणू स्वतःभोवती हायल्युरोनिक ॲसिडचं आवरण तयार करतात. त्यांनी घडवलेली साखळी रासायनिकदृष्ट्या हुबेहूब आपल्या शरीरातल्या साखळीसारखी असते. त्यामुळे आपल्या रोगप्रतिकारक पेशींना तो परका जिवाणू ओळखणं अवघड जातं. शरीराला चकवण्यासाठी जिवाणूने साधलेली ही विद्याच माणसाने उद्योगासाठी वापरली. आज बाजारातली बहुतेक फिलर मोठ्या टाक्यांमध्ये असे जिवाणू वाढवून, त्यांच्याकडून तो पदार्थ घेऊन बनवतात. जिवाणूची साखळी आणि माणसाची साखळी एकच, म्हणून शरीर तिला सहसा विरोध करत नाही. त्याआधी, 1981 पासून, अमेरिकेत गाईच्या कातड्यातलं कोलॅजन टोचत असत. त्याला आधी ॲलर्जीची चाचणी करावी लागे, आणि ते तीन-चार महिन्यांत ओसरून जाई.

शरीर विरोध करत नाही, तरी मोडतं मात्र नक्कीच. साधी, सुटी साखळी ओठात टोचली तर काही दिवसांत तिचा मागमूस राहणार नाही. इथेच रसायनशास्त्राची करामत येते. बीडीडीई नावाच्या एका छोट्या रेणूने दोन साखळ्यांना मधूनमधून एकमेकींशी जोडतात. याला क्रॉसलिंकिंग म्हणतात. सुट्या दोऱ्या ओढ्यात टाकल्या तर त्या वाहून जातात. त्याच दोऱ्यांना गाठी मारून विणलेलं जाळं मात्र अडकून राहतं, आणि ते तोडायलाही वेळ लागतो. स्वीडनमधल्या उप्साला शहरात तयार झालेलं रेस्टिलेन हे अशा जेलमधलं एक सुरुवातीचं नाव. ते 1996 पासून युरोपात वापरात आलं. अमेरिकेत चेहऱ्याच्या सुरकुत्यांसाठी त्याला 2003 मध्ये परवानगी मिळाली, आणि ओठांसाठी 2011 मध्ये.

या जाळ्याची झीजही मजेशीर रीतीने होते. शरीरातली विकरं एकेक धागा तोडत जातात, तशी जाळ्याची वीण सैल होते. वीण सैल झाली की उरलेलं जाळं आणखी पाणी धरू शकतं. म्हणजे आतला माल कमी होत असला तरी ओठाचा आकार बराच काळ जवळपास तसाच राहतो. मग एका टप्प्यानंतर ते सावरता येत नाही आणि ओठ उतरतो. ‘एका महिन्यात अचानक गेलं’ असं कुणी म्हणतं तेव्हा झीज बहुधा आधीपासून चाललेली असते, डोळ्यांना ती उशिरा कळते.

गालाच्या खोल भागात हेच जेल जास्त काळ राहतं आणि ओठात लवकर जातं. का? ओठाचा लाल भाग हा शरीरातला अगदी वेगळा प्रदेश आहे. तिथे केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत, वरचा कठीण थर अतिशय पातळ. त्यातून केशवाहिन्यांचं रक्त दिसतं म्हणून तर ओठ लालसर. आणि त्याखाली तोंडाला वेढा घालणारा, क्वचितच स्वस्थ बसणारा स्नायू. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजनं शाळेत घोकताना आपल्या लक्षातही येत नाही की दर वेळी दोन्ही ओठ दाबले जाऊन सुटतात. बोलणं, चावणं, बशीतला चहा फुरकणं, हसणं, शिट्टी मारणं. त्या मऊ जेलला दिवसभर दाब आणि ताण सोसावा लागतो.

हालचालीमुळे फिलरचं आयुष्य खरंच घटतं का, हे कॅनडातल्या कॅरदर्स दांपत्याने एका सुंदर प्रयोगातून दाखवलं. भुवयांमधल्या खोल आठ्यांत त्यांनी काही जणांना फक्त फिलर दिलं, तर काहींना फिलरबरोबर बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे तिथला स्नायू तात्पुरता सैल करणारं औषध. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, नुसतं फिलर घेतलेल्यांच्या आठ्या परत यायला साधारण 18 आठवडे लागले होते, दोन्ही घेतलेल्यांच्या 32. जागा तीच, फिलर तेच, फरक फक्त स्नायू किती हलतो याचा. अर्थात ओठांचा स्नायू भुवईसारखा सैल करून ठेवता येणार नाही. बोलायचं आणि जेवायचं कसं? काही डॉक्टर तोंडाभोवती अगदी थोड्या मात्रेत तो देतात. पण केवळ फिलर टिकावं म्हणून ओठांची हालचाल कमी करणं मला पटत नाही. ओठ हलण्यासाठीच आहेत.

मग हातात काय उरतं? बरंच, पण त्यातलं बहुतेक सिरिंज उघडण्याआधीच ठरतं. जेल किती घट्ट विणलेलं, किती लवचीक, किती प्रमाणात, कोणत्या थरात, आणि ते टोचणारा हात कुणाचा, यावर महिने अवलंबून असतात. फार घट्ट जेल जास्त टिकेल, पण ओठात गाठीसारखं लागेल. फार मऊ जेल नैसर्गिक वाटेल, पण लवकर विरेल. जास्त टिकावं म्हणून एकाच वेळी जास्त भरणं ही तर चुकीचीच वाट. जागेपेक्षा जास्त जेल झालं की ते ओठाच्या कडेबाहेर सरकतं, आणि वरच्या ओठावर एक फुगीर पट्टा दिसू लागतो.

त्यापेक्षा थोडं भरून, पूर्ण ओसरण्याआधी पुन्हा थोडं भरणं फायद्याचं. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या घडीवर अमेरिकेत असा अभ्यास झाला आहे. चेहऱ्याच्या एका बाजूला साडेचार महिन्यांनी आणि दुसऱ्या बाजूला नऊ महिन्यांनी दुसरी मात्रा दिली, तर पहिल्या इंजेक्शनपासून 18 महिन्यांपर्यंत परिणाम टिकलेला आढळला. ओठ जास्त हलतात, म्हणून तिथे इतकी अपेक्षा ठेवता येणार नाही. पण तत्त्व लागू पडतं.

यामागे एक कारण असंही असू शकेल, जे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. मिशिगन विद्यापीठातल्या त्वचाशास्त्रज्ञांनी 2007 मध्ये, उन्हाने जीर्ण झालेल्या हाताच्या त्वचेत क्रॉसलिंक केलेलं जेल टोचून पाहिलं. जेलमुळे आसपासच्या पेशी ताणल्या गेल्या, आणि त्या ताणामुळे त्या पुन्हा नवं कोलॅजन बनवू लागल्या. बाहेरून दिलेली भर हळूहळू विरत असताना त्वचा शेजारी स्वतःची थोडी भर घालत होती.

घरी करायच्या गोष्टींबद्दल जो तो काहीतरी सांगतो. सिगरेट सोडणं मात्र मनापासून सांगावंसं वाटतं. धुरामुळे तयार होणारे आक्रमक ऑक्सिजनयुक्त रेणू हायल्युरोनिक ॲसिडची साखळी तोडू शकतात, आणि झुरका घेताना ओठांचा चंबू होतो तो वेगळाच. उन्हामुळेही त्वचेत असेच रेणू तयार होतात, म्हणून उन्हापासून रक्षण करणारा लिप बाम लावावा. पहिल्या दिवशी ओठ दाबू-चोळू नयेत, जोराचा व्यायाम, वाफ आणि दारू टाळावी. याने सूज आणि काळानिळेपणा कमी होतो, फिलरचे महिने वाढत नाहीत. भरपूर पाणी पिणं चांगलंच, पण त्याने जाळं मजबूत होत नाही. साजूक तूप किंवा साय लावली तर ओठ फुटत नाहीत, ते दिसतातही छान. मात्र आतल्या जेलपर्यंत त्यातलं काही पोचत नाही.

एक गैरसमज फार जणांना निराश करतो. इंजेक्शननंतरचे पहिले काही दिवस ओठ सुजलेले असतात. सूज उतरली की ‘अर्धं गेलं’ असं वाटतं. गेलेली असते ती सूज. दोन आठवड्यांनी, त्याच उजेडात, त्याच कोनातून फोटो काढावा आणि आपल्या ओठांचं खरं माप तेच धरावं.

आणि हे फिलर विरणारं आहे, याला मी त्याचा मोठा गुण मानते. 1899 मध्ये व्हिएन्नातल्या रॉबर्ट गेरसुनी यांनी पॅराफिन टोचून शरीराचा आकार भरून काढण्याची पद्धत आणली. ते विरत नसे, आणि त्याभोवती वर्षांनंतर कठीण, वेदनादायक गाठी होत. द्रवरूप सिलिकॉननेही अनेकांना असाच त्रास दिला. हायल्युरोनिक ॲसिडचं तसं नाही, कारण ते विरघळवणारं विकर डॉक्टरांच्या हाताशी असतं: हायल्युरोनिडेज. पुढे हेच विकर म्हणून ओळखल्या गेलेल्या, पेशींमधल्या गरात द्रव भराभर पसरवणाऱ्या घटकाचा शोध फ्रान्सिस्को दुरान-रेनाल्स यांनी 1928 मध्ये लावला होता, तेव्हा हायल्युरोनिक ॲसिड अजून सापडायचं होतं. साप आणि मधमाशी यांच्या विषातही हे विकर असतं. विष लवकर पसरतं त्याला तेही कारणीभूत.

डॉक्टरांना हायल्युरोनिडेजची गरज केव्हा पडेल सांगता येत नाही. ओठातून रोहिणी जातात. जेल चुकून रोहिणीत गेलं तर रक्तपुरवठा थांबतो. ओठ पांढरा पडतो, त्यावर जाळीदार निळसर डाग उमटतात, जोराची कळ येते. अशा वेळी घरी शेक देत थांबू नये. तासांवर सगळं अवलंबून असतं, आणि जिने किंवा ज्याने टोचलं त्याच्याकडे हायल्युरोनिडेज तयार हवं. पार्लरमध्ये स्वस्तात होतं म्हणून तिथे जाऊ नका, असं मी कळकळीने सांगते ते यासाठी. सुईशिवाय दाबाने जेल आत ढकलणारी पेनं मिळतात, त्यांच्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2021 मध्ये स्पष्ट इशारा दिला आहे.

गेल्या काही वर्षांत या हिशेबात आणखी एक भर पडली. ऑस्ट्रेलियातले रेडिओलॉजिस्ट मोबिन मास्टर यांनी फिलर घेतलेल्यांच्या चेहऱ्यांचे एमआरआय केले, तेव्हा चेहऱ्याच्या मधल्या भागात ते काही जणांत घेतल्यानंतर कित्येक वर्षांनीही शिल्लक दिसलं. ओठांबाबत तेवढ्याच ठामपणे बोलता येणार नाही, तरी पुढची मात्रा कॅलेंडर पाहून ठरवण्याआधी थांबायला हे पुरेसं कारण आहे. डॉक्टरांनी बोटांनी चाचपून, गरज वाटल्यास अल्ट्रासाउंड लावून, दोन आठवड्यांचा तो जुना फोटो शेजारी ठेवून पाहावं. कधी कधी त्या तपासणीनंतर सिरिंज न उघडताच घरी परतायचं असतं.