बेडफर्डच्या तुरुंगातला दिवस

उजाडलं की जॉन बनियन नाड्या हातात घेतात. साल 1665, इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या तुरुंगातलं पाचवं वर्ष. बाहेर असताना गावोगाव फिरून भांडी सांधायची, हा वडिलांपासून चालत आलेला धंदा. इथे तो करता येत नाही, म्हणून लांब नाड्यांच्या टोकांना टोपणं बसवायची. टोक पिळायचं, टोपणात सारायचं, घट्ट दाबायचं की पुढची नाडी. 144 झाल्या की एक ग्रोस. असे शेकडो ग्रोस त्यांच्या हाताखालून गेले. घरी पत्नी एलिझाबेथ आणि चार मुलं. थोरली मेरी आंधळी.

दुपार होते. हात चालू असतात, मन मेरीपाशी. आपल्यामागे तिला भीक मागावी लागेल, मार खावा लागेल, ही कल्पना त्यांना सर्वांत असह्य होई. आत्मकथेत त्यांनी ते लपवलेलं नाही.

आणि सुटायला एक शब्द पुरेसा होता: यापुढे प्रवचन करणार नाही. राजमान्य चर्चच्या बाहेर प्रार्थनासभा घेणं हा त्यांचा गुन्हा, 1593च्या कायद्याखाली मूळ शिक्षा तीन महिन्यांची. शब्द दिला नाही, म्हणून तिची वर्षं झाली. अटकेच्या धक्क्यानं एलिझाबेथला अवेळी कळा आल्या, बाळ दगावलं. तरी 1661 मध्ये ती न्यायाधीशांपुढे उभी राहिली. सर मॅथ्यू हेल यांनी तिचं ऐकून घेतलं, पण नवरा आतच राहिला. या बाईचं धैर्य मला बनियनइतकंच मोठं वाटतं.

काम बाजूला ठेवलं की वाचन. सोबत बायबल आणि फॉक्सचा हुतात्म्यांवरचा ग्रंथ. रविवारी कैदी भाऊबंद कोठडीत जमतात, आळीपाळीनं बोलतात. एका रविवारी पाळी बनियनची होती आणि पाच शब्दही सुचेनात. तेवढ्यात नजर प्रकटीकरणाच्या 21व्या अध्यायातल्या 11व्या ओवीवर गेली. त्या दिवशीचं बोलणं वाढत जाऊन 1665 मध्ये ‘द होली सिटी’ हे पुस्तक झालं.

उरलेल्या वेळात लेखन. त्यांच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या पुस्तकाची सुरुवात तुरुंगातलीच मानतात, हरि केशवजींनी ते 1841 मध्ये ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आणलं.

1672च्या जानेवारीत बेडफर्डच्या मंडळीनं या कैद्यालाच आपला पाळक निवडलं. त्याच वर्षी राजानं राजमान्य चर्चबाहेरच्यांना सवलत जाहीर केली आणि ते सुटले. प्रवचन सोडण्याचा शब्द त्यांनी शेवटपर्यंत दिला नाही.