स्वस्तातली स्पोर्ट्स कार : घेण्याआधी तिचा आजार ओळखा

श्रीवर्धन, म्हसळा, खेड, दापोली या पट्ट्यात आखाती देशात कोणीच नाही असे आपल्या समाजातले घर शोधावे लागेल. आजोबा जहाजावर गेले, वडिलांनी दुबई-कुवेतमध्ये वीस-पंचवीस वर्षे काढली आणि आता तिसरी पिढी तिकडे नोकरी करते आहे. या मुलांना गाड्यांचा शौक आहे. त्यात गैर काही नाही. दुबई-शारजाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात पोर्श, निसान झेड, माझदा आरएक्स-८ अशा गाड्या पंधरा-वीस वर्षांच्या झाल्या की साध्या नव्या गाडीपेक्षाही कमी किमतीत मिळतात. मुलगा घरी फोटो पाठवतो, "अब्बा, पोर्श घेतोय!" आणि घरात आनंद होतो. हा सौदा करण्याआधी काय तपासावे, हे मुलाइतकेच घरच्यांनाही माहीत हवे. कारण गाडी बिघडली की पहिला हप्ता चुकतो तो घरी येणाऱ्या पैशाचा.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

गाडीची किंमत दरवर्षी उतरते. पण तिच्या सुट्या भागांची आणि मिस्त्रीच्या मजुरीची किंमत उतरत नाही, उलट वाढते. वीस वर्षांच्या पोर्शचा क्लच पोर्शच्याच भावात येतो. गाडी स्वस्तात मिळाली म्हणून तो स्वस्त होत नाही. म्हणून जुनी स्पोर्ट्स कार घेताना तिची मागितलेली किंमत ही अर्धीच माहिती असते. उरलेली अर्धी म्हणजे पुढच्या दोन वर्षांत तिच्यावर काय खर्च येणार. तो अंदाज बांधता येतो, कारण प्रत्येक मॉडेलचे दुखणे ठरलेले असते आणि ते जाणकारांना ठाऊक असते.

प्रत्येक मॉडेलचे दुखणे वेगळे

पोर्श बॉक्सस्टरचे उदाहरण घेऊ. तिची पहिली पिढी १९९६ साली आली आणि २००४ पर्यंत चालली. चालवायला ही गाडी उत्तम. पण तिच्या इंजिनात मधल्या शाफ्टला आधार देणारे एक बेअरिंग आहे. ते झिजून तुटले तर इंजिनाचा ताळमेळ क्षणात बिघडतो आणि अख्खे इंजिन निकामी होऊ शकते. सुरुवातीच्या गाड्यांत हे बेअरिंग दुहेरी रांगेचे होते. २००० च्या सुमारास एकेरी रांगेचे आले आणि तेच जास्त नाजूक ठरले. अमेरिकेत यावरून ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१३ साली तडजोड झाली. २००६ च्या सुमारास मोठे बेअरिंग आले, पण ते बदलायला इंजिनच उघडावे लागते. २००९ च्या नव्या इंजिनांत हा शाफ्टच राहिला नाही.

सगळ्याच बॉक्सस्टर बिघडतात असे मुळीच नाही. बहुतेक गाड्या वर्षानुवर्षे चालतात. पण विकणाऱ्याला एक प्रश्न विचारायलाच हवा : बेअरिंग बदलले आहे का, आणि त्याचे बिल कुठे आहे? जुन्या गाड्यांत हे काम गिअरबॉक्स उतरवून करावे लागते. म्हणून जाणते लोक क्लच बदलतानाच ते करून घेतात. क्लच नवा आणि बेअरिंग जुने असेल, तर तीच मजुरी पुन्हा भरावी लागेल. ऑइल फिल्टर कापून बघितला तर आत धातूची चकाकी दिसते का, हेही कळते. शिवाय कूलंटची प्लॅस्टिकची टाकी तडकते. पुढच्या बंपरमागे बसवलेल्या रेडिएटरमध्ये पाने-कचरा साचतो. आखाती उन्हाळ्यात एवढ्यानेही इंजिन तापते.

माझदा आरएक्स-८ चा मामला निराळा. हिच्या इंजिनात पिस्टन नाहीत, तिकोनी रोटर फिरतात. रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या झिजल्या की कंप्रेशन जाते आणि मग इंजिन उघडल्याशिवाय इलाज नसतो. ही गाडी मुद्दामच थोडे ऑइल जाळते, कारण त्या पट्ट्यांना वंगण लागते. डिपस्टिक बघायची सवय नसलेल्या माणसाच्या हाती ती लवकर खराब होते. माझदाने अमेरिकेत २००४ ते २००८ च्या मॉडेलांसाठी इंजिनाची वॉरंटी वाढवून ८ वर्षे किंवा १ लाख मैल केली होती, यावरून हे दुखणे किती पसरले होते ते कळते. घरबसल्या करण्याजोगी परीक्षा एकच : गाडी चांगली गरम करून बंद करा आणि लगेच पुन्हा चालू करा. स्टार्टर फिरत राहिला आणि इंजिन घेईना, तर हात जोडून निघा. पक्की तपासणी हवी तर रोटरी इंजिनाचा खास कंप्रेशन टेस्टर लागतो. साधा मीटर रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा दाखवतो.

निसान ३५० झेड आखातात भरपूर दिसते आणि एकंदर दणकट आहे. पण २००५-०६ च्या मॅन्युअल गिअरच्या काही गाड्या ऑइल खातात. त्याहून मोठी भीती म्हणजे ती वाळूत आणि मोकळ्या मैदानात घसरवत चालवलेली असण्याची. मागचे टायर नवे आणि पुढचे जुने, क्लच घसरणारा, मागच्या चाकांकडून ठकठक आवाज, बदललेला एक्झॉस्ट आणि सस्पेन्शन, असे सगळे एकत्र दिसले तर गाडीचे मागचे आयुष्य कसे गेले ते समजते.

शिकायला ब्रिटनमध्ये गेलेल्या मुलांना माझदा एमएक्स-५ खुणावते. १९८९ पासून बनणारी ही छोटी गाडी यंत्राच्या बाबतीत साधी आणि विश्वासू आहे. तिचा शत्रू गंज. तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून दाराखालचे पत्रे हाताने दाबून आणि टॉर्च लावून बघावेत.

कागद आधी, गाडी नंतर

अमिरातीत मुल्किया नीट वाचा. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर त्याची नोंद तिथे असते. जुने दंड भरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. चेसिस नंबर टाकून अमिरातीत नोंदलेले अपघात सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. गाडी आखातासाठी बनलेली आहे की अमेरिकेतून आणलेली, हे तर पहिल्यांदा विचारा. अमेरिकेत अपघाताने किंवा पुराने बाद ठरवलेल्या अनेक गाड्या लिलावातून इकडे येतात, दुरुस्त होतात आणि चकचकीत होऊन उभ्या राहतात. त्यांचा इतिहास १७ अक्षरी-अंकी चेसिस नंबरवरून कारफॅक्ससारख्या सेवा सांगतात. त्याला लागणारे थोडे पैसे खर्च करावेत.

एप्रिल २०२४ च्या पुरात दुबई-शारजात असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या, हेही विसरू नका. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. टोकाला चिखलाचा डाग राहिलेला असतो. गालिचा उचलून खालचा पत्रा आणि वायरी बघा, वास घ्या.

गाडी थंड असताना बघा

जाण्याआधी सांगून ठेवा की इंजिन चालू करू नका. पोहोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम लागले तर काहीतरी झाकायचे असू शकते. थंड इंजिन सुरू होताना दोन-तीन सेकंदांचा आवाज बरेच काही सांगतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. सतत येणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट जळते आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. अमिरातीत पाच वर्षांपेक्षा जुने टायर नोंदणीच्या तपासणीत चालत नाहीत आणि जोरदार गाडीला तर ते जिवावर बेततात.

तपासणीचे पैसे वाचवू नका

नोंदणीसाठी होणारी सरकारी तपासणी ब्रेक, दिवे, टायर, धूर बघते. इंजिन आतून किती झिजले आहे, हे ती सांगत नाही. "पासिंग झाली आहे" एवढ्यावर विसंबू नये. त्याच कंपनीच्या गाड्यांवर काम करणाऱ्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवा. स्कॅनर लावून घ्या. कोणी आदल्या दिवशी कॉम्प्युटरमधल्या चुका पुसल्या असतील तर तेही त्यात उमगते. पोर्शच्या अनेक गाड्यांत इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवले गेले, याचीही नोंद वाचता येते. विकणारा तपासणीला नकार देत असेल तर सौदा तिथेच सोडा. बाजारात दुसरी गाडी मिळते. विम्याचेही आधी विचारा. बऱ्याच कंपन्या जुन्या स्पोर्ट्स कारला फक्त तिऱ्हाइताचा विमा देतात. म्हणजे आपली गाडी ठोकली तर आपलेच पैसे.

आणि "दोन वर्षे चालवून गावाला पाठवीन" हा बेत मनातून काढावा. भारतात जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते. आखातातल्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या असतात. ती तिथेच विकावी लागेल, आणि तेव्हा आपण विकणाऱ्याच्या जागी असू. मालातला ऐब सांगून विकणे आपल्याकडे बंधनकारकच आहे. जपून ठेवलेली बिले त्या दिवशी उपयोगी पडतात.

घरच्यांनी फोनवर विचारायचे पाच प्रश्न

१. या मॉडेलचे ठरलेले दुखणे कोणते, आणि या गाडीत ते दुरुस्त झाल्याचे बिल पाहिलेस का?
२. गाडी आखातातली की अमेरिकेतून आलेली? चेसिस नंबरवरून इतिहास काढलास का?
३. थंड इंजिन सुरू होताना स्वतः ऐकलेस का?
४. कोणत्या गॅरेजने लिफ्टवर तपासली, आणि त्यांनी लेखी काय दिले?
५. गाडीचे पैसे दिल्यावर एक मोठी दुरुस्ती निघाली, तर ती करायला आणि घरी पाठवायला पैसे उरतात का?

पाचव्याचे उत्तर "नाही" असेल, तर आणखी वर्षभर पैसे साठवावेत. तोपर्यंत तीच गाडी आणखी थोडी स्वस्त झालेली असेल.