नोकरी बदलताना: आधी पावती, मग राजीनामा

सनीव्हेलमध्ये चार मराठी कुटुंबे एकत्र जमली, की मुलांच्या शाळा आणि घरभाडे यांच्यापाठोपाठ एक प्रश्न हमखास निघतो: "एच-१बी वर असताना कंपनी बदलली तर चालते का हो? आणि ग्रीन कार्डाचे काय होते?" प्रश्न एकच, उत्तरे मात्र जितकी माणसे तितकी. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, वकील नव्हे. पण या देशात दोनदा कंपनी बदलली आणि दोन्ही वेळा प्रत्येक कागद स्वतः वाचला. त्यातून जे समजले, ते क्रमाने मांडतो.

'ट्रान्सफर' असे काही नसते

आपण 'व्हिसा ट्रान्सफर' म्हणतो, तो शब्द फसवा आहे. जुन्या कंपनीकडून नव्या कंपनीकडे काहीच जात नाही. नवी कंपनी तुमच्यासाठी स्वतंत्र पिटिशन दाखल करते. त्यासाठी जुन्या कंपनीची परवानगी लागत नाही, तिला आधी कळवावेही लागत नाही. एकदा कोट्यात मोजले गेलात, की सहसा पुन्हा लॉटरीत जावे लागत नाही. अपवाद विद्यापीठासारख्या कोट्याबाहेरच्या संस्थेतून थेट आलेल्यांचा; खासगी कंपनीत जायचे तर त्यांना लॉटरी चुकत नाही.

पूर्वी नवे पिटिशन मंजूर होईपर्यंत नव्या जागी काम करता येत नसे. १७ ऑक्टोबर २००० रोजी सही झालेल्या कायद्याने ही अडचण दूर केली. आता पिटिशन इमिग्रेशन खात्याकडे रीतसर दाखल झाले, की नवे काम सुरू करता येते. अट अशी, की दाखल होताना तुमचे स्टेटस शाबूत हवे, आय-९४ ची मुदत संपलेली नको आणि मधल्या काळात विनापरवाना काम केलेले नको.

क्रम कसा असावा

१. नव्या कंपनीचे लेखी ऑफर लेटर घ्या.

२. नवी कंपनी कामगार खात्याकडे पगार व कामाच्या ठिकाणाविषयीचा एलसीए अर्ज करते. त्याला कामाचे सात दिवस लागतात.

३. मग आय-१२९ हे पिटिशन दाखल होते आणि पावती, म्हणजे रिसीट नोटीस, येते.

४. त्यानंतरच राजीनामा द्या.

पावतीवर काम सुरू करता येत असले, तरी पिटिशन पुढे नामंजूर झाले तर काम तिथेच थांबवावे लागते. म्हणून घरात एकच पगार असेल, तर प्रीमियम प्रोसेसिंग करून मंजुरी हातात आल्यावर हलणे बरे. त्यात कामाच्या पंधरा दिवसांत निर्णय किंवा जादा कागदांची मागणी येते. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, ते इथे अगदी शब्दशः खरे आहे.

ले-ऑफ झाला तर

जानेवारी २०१७ पासून नोकरी सुटलेल्याला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत आहे. आय-९४ त्याआधी संपत असेल, तर तेवढेच दिवस. नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू होते; नोकरी कधी संपली हे सहसा पगाराच्या शेवटच्या दिवसावरून ठरते. सेव्हरन्सचे पैसे मिळाले म्हणून मुदत वाढत नाही. या काळात काम करता येत नाही. साठ दिवसांच्या आत नवे पिटिशन दाखल व्हायला हवे. मंजुरी नंतर आली तरी चालते. एलसीएचे सात दिवस आणि वकिलाची तयारी वजा केली, तर मुलाखतींसाठी जेमतेम सहा आठवडे उरतात. नोकरी मिळालीच नाही, तर मुदतीच्या आत जोडीदाराच्या व्हिसावर किंवा व्हिजिटर स्टेटसवर जाण्याचा अर्ज करता येतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी पिटिशनवर एक लाख डॉलर्सची रक्कम जाहीर झाली, तेव्हा अनेक घरांत झोप उडाली. ऑक्टोबर २०२५ च्या सरकारी खुलाशानुसार इथेच राहून स्टेटस राखून कंपनी बदलणाऱ्यांना ती लागू नव्हती. स्टेटस तुटलेल्यांना मात्र ती लागू शकत होती. यातील ताजी स्थिती वकिलाकडून जरूर विचारून घ्या.

ग्रीन कार्डाची रांग

भारतीयांची रांग अनेक वर्षांची असल्याने खरी धास्ती इथे असते. आय-१४० मंजूर झाले असेल, तर प्रायॉरिटी डेट तुमची राहते. नवी कंपनी पर्म आणि आय-१४० नव्याने करते, पण रांगेतली जागा जुनीच. मंजुरीला १८० दिवस झाल्यावर जुन्या कंपनीने आय-१४० मागे घेतले, तरी सहा वर्षांपुढच्या मुदतवाढीला त्याचा आधार राहतो. आय-१४० मंजूर होण्याआधीच निघालात, तर ती तारीख सहसा हातची जाते. दोन-चार महिन्यांत मंजुरी येणार असेल, तर थांबण्यातच शहाणपण आहे.

घरच्यांचे कागद

नव्या पिटिशनने तुमचा आय-९४ वाढतो. जोडीदाराचा आणि मुलांचा आपोआप वाढत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज (आय-५३९) लागतो. जोडीदार एच-४ च्या वर्क परमिटवर नोकरी करत असेल, तर तारखा आणखी काटेकोरपणे पाहा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरण अर्जांना पूर्वीची आपोआप मिळणारी मुदतवाढ मिळत नाही.

पैसा आणि विमा

माझ्या एका जुन्या कंपनीने राजीनामा देताच "व्हिसाचा खर्च शेवटच्या पगारातून कापू" असे सुनावले होते. एच-१बी पिटिशनची सरकारी फी आणि वकिलाचा खर्च कंपनीनेच सोसायचा असतो, हा नियम दाखवून पत्र दिले, तेव्हा पगार पूर्ण आला. लवकर सोडल्याबद्दल दंडही आकारता येत नाही. खऱ्याखुऱ्या नुकसानभरपाईचा करार असेल, तर तो मात्र वकिलाला दाखवा. तक्रार कामगार खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे, बारा महिन्यांच्या आत करता येते.

कॅलिफोर्नियात राहण्याचे काही फायदे आहेत. 'प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही' अशी अट इथे १८७२ पासून सहसा रद्दबातल ठरते. साठलेली सुट्टी हा पगारच मानतात. ७२ तास आधी सूचना दिली, तर सगळा हिशेब शेवटच्या दिवशी मिळायला हवा.

दोन नोकऱ्यांत खंड पडणार असेल, तर जुना विमा त्याच दिवशी संपतो की महिनाअखेर, हे लेखी विचारा. कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात, आणि घेतला तर तो मागील तारखेपासून लागू होतो. हप्ता मोठा असतो, पण घरात बाळंतपण किंवा कोणाचे उपचार चालू असतील, तर इथे काटकसर नको. कव्हर्ड कॅलिफोर्नियाचा पर्यायही ६० दिवस खुला असतो. शिवाय तीन महिन्यांचे भाडे आणि किराणा भागेल एवढी रक्कम बँकेत वेगळी ठेवावी.

एक फाईल करा

सर्व आय-७९७, आय-९४, शेवटच्या तीन-चार महिन्यांच्या पे-स्लिप्स, डब्ल्यू-२, पदवीची प्रमाणपत्रे आणि अनुभवाची पत्रे एका फाईलमध्ये लावा. आय-१४० च्या मंजुरीची प्रत, निदान तिचा रिसीट नंबर, कंपनीत असतानाच मागून घ्या. बाहेर पडल्यावर कोणी पटकन देत नाही. आणि ही फाईल कुठे आहे, ते घरात दोघांनाही ठाऊक असू द्या.

वरील माहिती सर्वसाधारण आहे. नियम बदलतात आणि प्रत्येकाचे प्रकरण वेगळे असते, तेव्हा राजीनाम्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाची तासभराची फी खर्च करा. नव्या कंपनीचा वकील कंपनीचे हित आधी पाहतो. हा तुमचे पाहील.