फाइलचं नाव बदलता येतं, हॅश नाही : आलेली एपीके ओळखीची आहे का, हे कसं बघायचं?

व्हॉट्सॲपवर मेसेज येतो. 'तुमच्या गाडीवर चलान आहे, तपशील बघा' आणि खाली एक फाइल : आरटीओ चलान डॉट एपीके. कधी तीच फाइल लग्नपत्रिका म्हणून येते, कधी एखाद्या सरकारी योजनेची यादी म्हणून. इन्स्टॉल केलं की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी दुसऱ्या कुणीतरी वाचलेला असतो. पोलिसांच्या सायबर शाखा गेली काही वर्षं याबद्दल सतत इशारे देतायत. तरी लोक फसतात, कारण फाइलचं नाव बरोबर दिसतं आणि आयकॉनही बरोबर दिसतो.

मित्रांनो, गोम तिथेच आहे. नाव आणि आयकॉन या दोन्ही गोष्टी फाइल बनवणाऱ्याच्या हातात असतात. डब्यावर 'साखर' लिहिलं म्हणून आत साखरच असेल असं नाही. मग आतला माल ओळखायचा कसा? त्यासाठी कॉम्प्युटरच्या जगात जी खूण वापरतात तिला हॅश म्हणतात. अँटीव्हायरस, फॉरेन्सिक लॅब, लिनक्सवाले, सगळे तीच वापरतात. आणि तुम्हीही फोनवरून वापरू शकता.

हॅश म्हणजे नेमकं काय?

कुठलीही फाइल म्हणजे शेवटी आकड्यांची एक लांबलचक रांग. ही सगळी रांग एका ठरलेल्या गणिती प्रक्रियेतून काढली की शेवटी एक छोटी, ठरावीक लांबीची खूण बाहेर पडते. तोच हॅश. आज सगळ्यात जास्त चालणारी पद्धत आहे एसएचए-२५६. तिची खूण नेहमी ६४ अक्षरांची असते, ज्यात ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं येतात. फाइल दोन केबीची असो की चार जीबीची, खूण ६४ अक्षरांचीच.

यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. फाइल तीच असेल तर हॅश जगात कुठल्याही मशीनवर तोच येतो. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी हॅश पूर्ण वेगळा येतो, म्हणजे शेवटची दोन अक्षरं बदलली असं होत नाही, सगळाच विस्कटतो. आणि हॅशवरून मूळ फाइल परत बनवता येत नाही.

दोन वेगळ्या फाइलींचा हॅश चुकून सारखा आला तर? एसएचए-२५६ मध्ये शक्य असलेल्या खुणांची संख्या ७८ अंकी आहे. योगायोगाने तसं होण्याची चिंता सोडून द्या.

घरबसल्या एक प्रयोग करून बघा. एक फोटो मित्राला व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवा आणि तोच परत डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग तिन्ही फाइलींचे हॅश काढा. डॉक्युमेंट म्हणून गेलेल्याचा हॅश मूळ फोटोशी जुळेल. फोटो म्हणून गेलेल्याचा नाही जुळणार, कारण व्हॉट्सॲपने तो कॉम्प्रेस केला. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, हॅशला नाही. आता मूळ फाइलचं नाव बदलून परत हॅश काढा. काहीही फरक पडणार नाही, कारण नाव हा फाइलच्या आतल्या मजकुराचा भागच नसतो.

हॅश काढायचा कसा? अँड्रॉइडवर काही फाइल मॅनेजर ॲप्समध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये तो दिसतो. ज्यांना टर्मक्स माहीत आहे त्यांच्यासाठी शा२५६सम ही एका ओळीची कमांड आहे. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश चालते. जाता जाता एक गंमत : पूर्ण रिकाम्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश नेहमी 'ई३बी०सी४४२' असा सुरू होतो. मोठ्या डाउनलोडनंतर हॅश तसा दिसला तर समजा, तुमच्या हाती काहीच आलेलं नाही!

ओळखीच्या फाइलींची वही

आता मुख्य गोष्ट. एकट्या हॅशचा काही उपयोग नसतो. बोटाच्या ठशासारखंच आहे ते. ठसा सापडला, पण जुळवायला आधीची नोंदच नसेल तर त्याचं करायचं काय?

अशी नोंदवही जगात आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी नावाचा विभाग आहे. तिथे सॉफ्टवेअरच्या मूळ प्रती गोळा करतात, त्यातली एकेक फाइल सुटी करतात आणि तिचा हॅश नोंदवतात. ही यादी कुणालाही फुकट मिळते. तिचा मुख्य उपयोग गुन्ह्याच्या तपासात होतो. जप्त केलेल्या लॅपटॉपमध्ये लाखो फाइली असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा विंडोजच्या किंवा नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या असतात. हॅश यादीशी जुळवले की ओळखीच्या फाइली बाजूला काढता येतात, आणि तपास करणाऱ्याला फक्त उरलेल्या बघाव्या लागतात.

पण त्या यादीबद्दल एनआयएसटी स्वतः जे बजावते ते महत्त्वाचं आहे : यादीतली फाइल 'ओळखीची' आहे, 'चांगली' आहे असं नाही. त्यात हॅकिंगची टूल्ससुद्धा नोंदवलेली आहेत, कारण तीही सॉफ्टवेअरच आहेत. ठसा जुळला म्हणून चारित्र्याचा दाखला मिळत नाही.

आपल्याकडे कोर्टातही हॅश पोचलाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात हॅश लिहायची जागा आहे. जमा केलेली फाइल आणि कोर्टात दाखवलेली फाइल एकच आहे, हे दाखवायला.

मग सामना जुळला की काम झालं का?

इथे बरेच लेख थांबतात : साइटवर हॅश दिलाय, तुमच्या फाइलचा काढा, जुळला की बिनधास्त इन्स्टॉल करा. एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. खऱ्या घडलेल्या तीन गोष्टी बघा.

मे २०१७. हँडब्रेक हे व्हिडिओ बदलायचं लोकप्रिय सॉफ्टवेअर. त्याचे डाउनलोड दोन सर्व्हरवरून व्हायचे, त्यातल्या एकावर हल्लेखोरांनी मॅकची फाइल बदलून आत प्रोटॉन नावाचा ट्रोजन घातला. चार-पाच दिवस हे चालू होतं. या बदललेल्या फाइलचा हॅश खऱ्या फाइलशी जुळत नव्हता. म्हणजे ज्याने तपासलं असतं तो वाचला असता. पॅनिक नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका संस्थापकाने ती फाइल चालवली आणि कंपनीच्या ॲप्सचा सोर्स कोड चोरीला गेला. रोज सॉफ्टवेअर बनवणारा माणूस तो, तरी फसला.

फेब्रुवारी २०१६. लिनक्स मिंटची वेबसाइटच हॅक झाली आणि २० तारखेला डाउनलोडची लिंक मागच्या दाराने घुसखोरी करू देणाऱ्या प्रतीकडे वळवली गेली. आता विचार करा. साइटच हल्लेखोराच्या ताब्यात असेल तर त्याच साइटवरचा हॅश बदलायला त्याला किती वेळ लागेल? चोराने कुलूपही बदललं आणि किल्लीही, मग किल्ली लागतेच की. म्हणून फाइल जिथून घेतली तिथलाच हॅश बघून फक्त डाउनलोड अर्धवट तुटला नाही एवढं कळतं. हॅश दुसऱ्या वाटेने आलेला असायला हवा किंवा त्यावर बनवणाऱ्याची डिजिटल सही असायला हवी. उबंटू हॅशच्या यादीसोबत वेगळी सही देतो, ती यासाठीच.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. ऑगस्ट २०१७ मध्ये सीक्लीनरची ५.३३ आवृत्ती आली. ती अधिकृत साइटवर होती, कंपनीची खरी डिजिटल सही होती, हॅशही बरोब्बर. पण हल्लेखोर कंपनीच्या आतच शिरले होते आणि फाइल बनतानाच तिच्यात मालवेअर घातलं गेलं. कंपनीच्या सांगण्यानुसार सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर ही आवृत्ती पोचली. हॅश इथे काहीच करू शकला नाही, कारण त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खरंच 'हो' होतं. हॅशला एकच प्रश्न कळतो : ही फाइल ती फाइलच आहे का? 'ती' फाइल कशी आहे हे त्याला कळत नाही.

अजून एक. एखादी साइट फक्त एमडी५ देत असेल तर त्यावर फार विसंबू नका. त्याची खूण ३२ अक्षरांची, आणि २००४ मध्येच एकच एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात हे चिनी संशोधकांनी दाखवलं. २०१२ मध्ये सापडलेल्या फ्लेम मालवेअरने हीच कमजोरी वापरून मायक्रोसॉफ्टची खोटी सही तयार केली होती. ४० अक्षरांच्या एसएचए-१ चीही तीच गत झाली. २०१७ मध्ये गूगल आणि नेदरलँड्सच्या सीडब्ल्यूआय संस्थेने एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ जगासमोर ठेवल्या. ६४ अक्षरं दिसली तरच पुढे चला.

फोनवर गोष्ट थोडी वेगळी आहे

प्ले स्टोअरवरून तुम्ही आणि तुमच्या मित्राने एकच ॲप घेतलं, तरी दोघांच्या फाइलींचे हॅश जुळतीलच असं नाही. ऑगस्ट २०२१ पासून नवीन ॲप्स प्ले स्टोअरला 'ॲप बंडल' म्हणून द्यावी लागतात आणि गूगल प्रत्येक फोनच्या स्क्रीन, प्रोसेसर, भाषेप्रमाणे वेगवेगळे तुकडे पाठवतं. म्हणजे अँड्रॉइडवर फाइलच्या हॅशपेक्षा सहीचा ठसा जास्त कामाचा.

प्रत्येक एपीकेवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते, आणि त्या सहीच्या प्रमाणपत्राचाही हॅश काढता येतो. ॲपच्या आवृत्त्या बदलत राहतात, पण हा ठसा सहसा तोच राहतो. सिग्नल आपल्या साइटवर एपीकेसोबत हा ठसा छापतं. तुमचा फोन हेच काम गुपचूप करत असतो. अपडेटची सही जुन्या ॲपशी जुळली नाही तर तो इन्स्टॉल करायला सरळ नकार देतो. मॉड ॲप देणारे सांगतात ना, 'आधी ओरिजिनल अनइन्स्टॉल करा, मग हे टाका'? ते बऱ्याचदा यासाठीच. मूळ ॲप काढलं की जुळवायला जुनी सहीच उरत नाही. राखणदाराला तुम्हीच घरी पाठवता.

आलेली एपीके तपासायचीच असेल तर

ती उघडू नका, फक्त सेव्ह करा. तिचा एसएचए-२५६ काढा आणि ब्राउझरमध्ये व्हायरसटोटल या साइटवर सर्च करा. ही साइट २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झाली, २०१२ पासून गूगलकडे आहे, आणि डझनावारी अँटीव्हायरस एका फाइलबद्दल काय म्हणतात ते एकत्र दाखवते. फाइल अपलोडही करता येते, पण अपलोड केलेली फाइल साइटचे सुरक्षा क्षेत्रातले ग्राहक बघू शकतात. त्यामुळे आधार, बँक स्टेटमेंट, खासगी फोटो तिथे टाकायचे नाहीत. नुसता हॅश शोधला तर फाइल तुमच्या फोनबाहेर जातच नाही.

निकाल वाचताना लाल आकडा सगळेच बघतात. तुम्ही डिटेल्समध्ये जाऊन फाइल पहिल्यांदा कधी तपासायला आली तेही बघा. नामांकित ॲपची महिन्यापूर्वीची आवृत्ती म्हणून आलेली फाइल जगाने आज सकाळी पहिल्यांदा पाहिली असेल, किंवा पाहिलीच नसेल, तर दाल में काला आहे. 'काही सापडलं नाही' याचा अर्थ 'सुरक्षित' असा घेणं ही सगळ्यात महागडी समजूत. भामटे एपीकेमध्ये किरकोळ बदल करत राहतात, प्रत्येक बदलाला नवा हॅश येतो आणि नव्या हॅशची नोंद कुठल्याच वहीत नसते.

आणि चलानचं म्हणाल, तर ते परिवहन विभागाच्या ई-चलान वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. त्यासाठी कुणी पाठवलेली एपीके लागत नाही.